भिंगरीच्या दाराचं कुलूप

कुलूपवाल्याच्या दुकानात माणूस दोनच कारणांनी येतो. चावी हरवली म्हणून, नाहीतर माणसांवरचा भरवसा उडाला म्हणून. भिंगरीची लेक सकाळी सकाळी दारात उभी राहिली तेव्हा म्हाताऱ्याला वाटलं, चावी हरवली असेल.

"मामा, बाहेरून लावायचं एक कुलूप हवंय," ती म्हणाली. "कडी-कोयंड्यासकट. आतून काही केल्या उघडता कामा नये."

कारखान्यात जायच्या घाईत होती. खांद्याला डब्याची पिशवी, डोळ्यांखाली काळं, केस विंचरायलाही सवड न मिळालेली. त्यानं हातातली कानस बाजूला ठेवली आणि सवयीनं विचारलं, "आत काय ठेवायचंय?"

"आईला," लेक म्हणाली.

"उद्या येतो," एवढं म्हणून त्यानं पुन्हा कानस उचलली. पण त्या दिवशी त्यानं घासलेल्या एकाही चावीनं धड कुलूप उघडलं नाही.

हा मामा काही तिच्या आईच्या पाठचा भाऊ नव्हे. दोघं एका गल्लीत वाढली, एवढंच. पण त्या गल्लीत 'एवढंच' म्हणायची सोय नव्हती. साबणाच्या कारखान्यामागं बैठ्या घरांच्या दोन रांगा समोरासमोर, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेवर दिवसभर पोरांचा नुसता धुडगूस. कोणाचं पोर कोणतं हे फक्त आंघोळीच्या वेळी कळायचं, आणि तेही चुकायचं. एका बाईनं घाईघाईत शेजारणीचा मुलगा खसाखसा घासून काढला आणि तोंड पुसताना तिच्या लक्षात आलं, हा आपला नाहीच. "असू दे," ती म्हणाली, "मळ तर खरा होता."

सकाळी पोरं घराबाहेर पडायची ती अंधारून आल्यावर परत. मधे कोणी हाक मारायचं नाही. लगोरी खेळायची, सायकलची जुनी रिम काठीनं पिटाळायची, कारखान्याच्या भिंतीवर बसून साबणाच्या चुऱ्याचे फुगे उडवायचे. गुडघा फुटला तर माती लावायची की झालं. दुपारी ज्याच्या दारात भूक लागेल त्याच्या घरात शिरायचं आणि ताटावर बसायचं. "आज काय केलंय?" एवढं विचारलं की पुरे. "तू कोणाचा?" असं उलट कोणी विचारत नव्हतं. दारं दिवसभर सताड उघडी असायची.

आणि अशा गल्लीत म्हाताऱ्याच्या बापाचं दुकान कसलं, तर कुलपांचं. "टकल्यांच्या वस्तीत कंगवे विकायला बसलोय मी," असं बाप म्हणायचा. पोट भरायचं ते बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या पेट्यांवर आणि तिजोऱ्यांवर. गल्लीनं त्याच्याकडून कधी कुलूप घेतलं असेल तर ते पोरांना खेळायला.

भिंगरीला भिंगरी का म्हणायचे हे सांगायची गरज नाही. तिचे दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकलेले कोणी पाहिले नव्हते. आणि हा कुलूपवाल्याचा पोरगा होता गोगलगाय, त्याचा झाला गोगल्या. बाकीची पोरं कुठून कुठं पोचायची आणि हा अजून चपला शोधत असायचा. दर वेळी भिंगरी अर्ध्या वाटेतून मागं यायची, त्याचं मनगट धरायची आणि फरफटत न्यायची. शिव्या घालायची, पण न्यायची.

एकदा बापाकडे एक लोखंडी पेटी दुरुस्तीला आली होती, झाकण पडलं की आपोआप बसणाऱ्या खटक्याची. लपाछपीत गोगल्याला वेळेवर जागा कधी सापडायची नाही. त्या दिवशी सापडली. पेटीत शिरला, झाकण ओढून घेतलं, खटका बसला. बाप बाजारात गेलेला. पोरांनी थोडा वेळ शोधलं, कंटाळली आणि जेवायला पांगली. गोगल्या काय, येईल मागाहून, असं सगळ्यांनीच धरलं. आत अंधार, घाम, आणि ओरडावं तर आपलाच आवाज आपल्याच कानात.

भिंगरी तेवढी जेवायला बसली नाही. ती एका दारातून दुसऱ्या दारात गेली आणि प्रत्येक चुलीपाशी एकच विचारत गेली, "गोगल्या तुमच्याकडे जेवतोय का?" तो कुठंच जेवत नव्हता. शेवटच्या घरातून ती बाहेर आली ती किंचाळतच. बायका हातातलं टाकून धावल्या, कोणाची तरी नजर दुकानातल्या मिटलेल्या पेटीवर गेली, पहारीनं झाकण उचकटलं आणि पोरगं बाहेर काढलं. ओठ निळे पडले होते. "मठ्ठ्या, पेटीत कोणी लपतं का," म्हणून भिंगरीनं त्याला एक धपाटा घातला आणि मग आपणच भोकाड पसरलं.

पुढं काय, साबणाचा कारखाना बंद पडला, बैठी घरं पाडली, तिथं उंच इमारत उभी राहिली. दाराला दार लागून, दाराला आतून साखळी, साखळीच्या वर बघायचं भिंग. गल्ली मोडली आणि म्हाताऱ्याचा धंदा फळफळला. ज्यांच्या घरात तो न विचारता जेवला होता त्यांच्याच दारांना त्यानं कुलपं बसवली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. पण पोटाचा धंदा होता, आणि लोकांनाच हवं होतं.

भिंगरीला त्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या. नवरा लवकर गेला. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिनं लेक वाढवली. ही लेक शाळेतून यायची ती गळ्यात दोरी आणि दोरीला चावी. कुलूप काढायची, आत जायची, आतून कडी लावायची आणि आई येईपर्यंत खिडकीत बसायची. खाली खेळायला जायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. ती चावीही गोगल्यानंच घासून दिली होती.

आणि आता कुठं चार घटका टेकायचे दिवस आले तर भिंगरीचं डोकं साथ सोडू लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग नवरा गेलाय हेही गेलं. पुसता पुसता उरलं ते सगळ्यात जुनं. दुपार झाली की ती उठायची, अनवाणी बाहेर पडायची आणि ज्या घराचं दार उघडं सापडेल त्यात शिरून जमिनीवर मांडी घालायची. "आज काय केलंय?"

तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण बाई न्हाणीतून बाहेर येते तो स्वयंपाकघरात अनोळखी म्हातारी बसलेली, आणि तिच्या लहानग्याला घास भरवतेय. ती अशी किंचाळली की इमारत गोळा झाली. पहारेकऱ्यानं भिंगरीला दंडाला धरून घरी पोचवलं, चोराला नेतात तसं. त्यानंतर एकदा इमारतीचं फाटक उघडं राहिलं आणि ती थेट मोठ्या रस्त्यावर गेली. बसवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. लेक काम टाकून धावत आली. मुकादमानं सांगून ठेवलं, पुन्हा अशी निघून गेलीस तर परत येऊ नकोस.

म्हाताऱ्यानं हे सगळं रात्रीच्या जेवणाला बायकोला सांगितलं. बायको दुसऱ्या गावची, जिभेला धार, आणि गल्लीचं कौतुक ऐकून ऐकून तिचे कान किटलेले. "तुमच्या गल्लीत सगळं सोन्याचं," ती नेहमी म्हणायची, "आमच्याकडे पोरी चालायला लागल्या की भांडी घासत होत्या." पण आज तिनं टोमणा मारला नाही.

"लेकीचं काय चुकलं?" ती म्हणाली. "गाडीखाली आली म्हणजे? तुम्ही नाही लावलंत तर दुसरा कोणी लावेल."

"दुसऱ्यानं लावलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेला तेव्हा भिंगरी खुर्चीत बसली होती. बाकी कोणाला ओळखो न ओळखो, त्याला ती ओळखायची. फक्त वय चुकायचं.

"आलास का गोगल्या? सगळे केव्हाचे पुढं गेले."

"येतोय गं," म्हणून तो गिरमिटानं चौकटीला भोकं पाडायला बसला. ती उठून त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली, तळहातावर स्क्रू घेतले आणि मागेल तसा एकेक देत राहिली. स्वतःच्याच कोंडवाड्याचे स्क्रू. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हात थांबले नाहीत. त्यानं काम चोख केलं.

लेकीनं आईच्या केसांवरून हात फिरवला, दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. दोघं जिन्याकडे वळतात तोच आतून टकटक झाली. जोरात नाही. बोटाच्या पेरानं, हळू, आजारी माणसाच्या खोलीवर करतात तशी.

"कोण गेलं रे?" भिंगरी आतून विचारत होती.

लेकीला काही कळेना. त्याला मात्र कळलं. गल्लीत भरदिवसा दार लागायचं ते एकाच कारणानं. घरात कोणी गेलं, की पोरांनी नेहमीसारखं जेवायला घुसू नये म्हणून दार लोटून घ्यायचे. बंद दार दिसलं की पोरांचा दंगा जागच्या जागी थांबायचा, आणि एक पोर हळूच जाऊन शेजारी विचारून यायचं, कोण गेलं.

"कोणी गेलं नाही गं," तो दाराला तोंड लावून म्हणाला.

"मग दार का लावलंय? लपवू नकोस. सांग, कोण गेलं?"

लेकीनं कठडा घट्ट धरला होता. "हे ऐकत मी रोज कामावर जाऊ?" ती म्हणाली. "आणि नाही गेले तर आम्ही खाऊ काय? तुम्हीच सांगा मामा."

"उघड," तो म्हणाला. "मला आत सोड, पुन्हा कुलूप लाव आणि तू जा."

तेव्हापासून दुकान दिवसभर बंद. लेक रोज जाताना दोघांना कुलपात घालून जायची. बायकोनं तेवढ्यात म्हणून घेतलंच, "आयुष्यभर दुनियेला कुलपं लावली, आता बसा स्वतः." पण डबा दोघांपुरता द्यायची.

डब्याचा उपयोग होत नव्हता. भिंगरी ताट पुढं केलं की बाजूला सारायची. "आधी मयत नेऊ दे," म्हणायची, आणि भिंतीला टेकून गप्प बसायची, दुःखाच्या घरी बसतात तशी. तो इकडचं तिकडचं बोलायचा, रिमची शर्यत, भिंतीवरचे फुगे. ऐकता ऐकता ती हसायची, आता जेवेल असं वाटायचं, आणि तेवढ्यात तिची नजर दाराकडे जायची. चेहरा उतरायचा. "कोण गेलं?" लेक संध्याकाळी येऊन दार उघडायची तेव्हा कुठं दोन घास पोटात जायचे. हात काडीसारखे झाले होते.

अशाच एका दुपारी ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "गोगल्या, खरं सांगशील?"

"विचार."

"कोणी मला हाक मारत नाही. कोणी जेवायला बोलवत नाही. तू एकटा माझ्यापाशी बसून असतोस." तिचा आवाज अगदी शांत होता. "मीच गेलेय ना?"

तो उठला, दारापाशी गेला, दोन्ही हातांनी दार ओढलं. दार हललंसुद्धा नाही. उभा जन्म कुलपं उघडण्यात गेलेला माणूस, आणि आपल्याच हातच्या कामापुढं त्याची मात्रा चालेना. तो तिथंच बसला आणि रडला. भिंगरीनं जवळ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. मेलेल्या माणसानं जिवंत माणसाची समजूत काढावी, तशी ती त्याची समजूत काढत होती.

संध्याकाळी लेकीनं दार उघडलं. तिच्या पायातल्या चपला निघायच्या आत त्यानं स्क्रू ड्रायव्हर कोयंड्याला लावला होता.

"हे काय करताय?"

"काढतोय."

लेक इतक्या दिवसांची साठलेली होती, भडकली. "तुम्हाला काय जातंय काढायला? उद्या ती बसखाली सापडली की याल मला सांगायला, मामा? तुमच्या त्या गल्लीच्या गोष्टी ऐकत वाढले मी. काय तर म्हणे बिनघोर. मला नाही मिळालं ते बिनघोर. मी खिडकीत बसून मोठी झालेय."

खरं होतं ते, अक्षर न् अक्षर. म्हाताऱ्यानं स्क्रू काढून खिशात टाकला.

"बिनघोर नव्हतं गं," तो म्हणाला. "घोर होता. पोरं विहिरीकडे जायची, भिंतीवरून पडायची, पेटीत अडकायची. पण तो घोर सगळ्या बायकांनी वाटून घेतला होता, म्हणून आम्हा पोरांना तो कधी दिसला नाही. तू एकटीनं सगळा उचललायस. हे एकट्या माणसाचं कामच नाही."

"मग कोणाला वाटून देऊ? या इमारतीत?"

"बघतो," तो म्हणाला. आणि त्या एका शब्दावर लेक खाली बसली, इतकी ती दमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं इमारत पालथी घातली. त्यानंच बसवलेली कुलपं, तेव्हा त्याला दारं उघडली गेली. प्रत्येक दारात एकच बोलणं. दुपारी एक म्हातारी येईल, बरोबर मी असेन, डबाही मी आणेन, फक्त घटकाभर आत बसू द्या. कोणी "बघू" म्हणालं, कोणी "घरात आजारी माणूस आहे" म्हणालं. एका गृहस्थानं अशा लोकांसाठी संस्था असतात यावर उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. तोंडावर हो म्हणून नंतर दार न उघडणारेही निघाले. पहारेकरी मात्र सरळ माणूस. "फाटकाला वर, हात पोचणार नाही अशी कडी लावून द्या," तो म्हणाला, "मग रस्त्यावर जाऊ देणार नाही, ही माझी जबाबदारी." म्हणजे शेवटी दार बंद झालंच. पण ते लांबचं दार झालं, आणि मधे चालायला जागा राहिली.

तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण बाईनं हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं.

"त्या दिवशी मी फार ओरडले," ती म्हणाली. "मला काय माहीत. हा अजून विचारतो, ती आजी कुठाय म्हणून." मग हाताची घडी सोडत, "बेल तरी वाजवा म्हणावं त्यांना."

"तिला नाही कळायचं. मी वाजवत जाईन."

दुपारी भिंगरी उठली, अनवाणी बाहेर पडली. तो मागून. दोन्हीकडे बंद दारं. पहिल्या दारापाशी तिनं पाऊल हळू केलं, दुसऱ्यापाशी आवाज. तिसरं, चौथं, सगळी बंद. ती मधेच थांबली आणि त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "अरे, इतकी माणसं गेली?"

"हो गं," तो म्हणाला. "बरीच गेली."

ती मान खाली घालून जिना चढली. तिसऱ्या मजल्यावर त्यानं बेल दाबली. आतून साखळी काढल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि भिंगरी त्या तरुण बाईच्या अंगावरून सरळ आत जाऊन स्वयंपाकघरात बसली. "आज काय केलंय?" बाई गोंधळली, म्हाताऱ्याकडे बघू लागली. त्यानं डबा पुढं केला. तिनं तो घेतला खरा, पण भिंगरीला आपल्या भांड्यातलं वाढलं. भिंगरी जेवली. चाटूनपुसून जेवली.

संध्याकाळी लेक आली. दार उघडं, घर रिकामं. धावत वर चढली तो म्हातारा तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेला.

"आई?"

"आत. जेवली, आता झोपलीय. पोरगंही तिच्या कुशीत झोपलंय."

लेकीनं उघड्या दारातून डोकावून पाहिलं. आईचे धुळीनं काळे झालेले तळवे तेवढे दिसले. "उठवू?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कशाला? उठेल तेव्हा मी आणतो खाली."

लेक तशीच उभी राहिली, पिशवी हातात घेऊन. घरी स्वयंपाक पडला होता, धुणं पडलं होतं, पण ज्यासाठी रोज जीव मुठीत धरून धावत यायची ते काम आज कोणीतरी करून ठेवलं होतं. बाहेर अजून उजेड होता. खाली अंगणात कोणाची तरी पोरं चेंडू खेळत होती. तिनं पिशवी म्हाताऱ्याच्या शेजारी पायरीवर ठेवली.

"मामा," ती म्हणाली, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या बाईचा आवाज एकदम बारीक झाला, "मी थोडा वेळ खाली जाऊ?"

"जा," तो म्हणाला.

ती जिना उतरू लागली. पावलं आधी जपून पडत होती, मग भरभर, आणि मग पार खालून पहारेकऱ्याचा आवाज आला, "काय ताई, आज अंगणात?" तिनं काय उत्तर दिलं ते वर ऐकू आलं नाही.